पुरानंतर बंद राहिलेल्या धंद्याचा क्लेम: एलओपी (लॉस ऑफ प्रॉफिट, म्हणजे बुडालेल्या नफ्याची) पॉलिसी काय देते आणि रक्कम कुठे कापली जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिपळूणच्या बाजारपेठेत बेकरी आहे. पुराचं पाणी आत शिरलं, मिक्सर, प्रूफर, ओव्हनचं पॅनेल आणि मैदा-साखरेचा साठा गेला. इमारत, यंत्रं आणि मालाचा क्लेम फायर पॉलिसीखाली सुरू आहे. पण सव्वाचार महिने धंदा कधी पूर्ण, कधी अर्धवट बंद राहिला, गणपती आणि दिवाळी दोन्ही हातची गेली. हा बुडालेला नफा मिळतो का, मिळत असेल तर कसा मोजतात आणि सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीने नुकसान मोजायला नेमलेला माणूस, काय मागेल?

आधी पॉलिसी काढून बघा. १ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि ५ ते ५० कोटींसाठी भारत लघु उद्यम सुरक्षा या प्रमाणित पॉलिसी आल्या. दोन्हींत पूर, वादळ धरलेलं आहे. पण कमाईचं नुकसान, उशिरामुळे झालेलं नुकसान आणि बाजार हातचा जाणं हे अपवादांच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे नुसती ही पॉलिसी असेल तर बंद दिवसांचे पैसे मिळणार नाहीत, एजंटाने तोंडी काहीही सांगितलेलं असो. त्यासाठी लॉस ऑफ प्रॉफिट पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, जिला सगळे एलओपी म्हणतात. नाहीतर पॅकेज पॉलिसीत तो विभाग घेतलेला असावा लागतो. विभाग असला तरी त्यात फक्त आग धरली आहे की पूरही, हे शेड्यूलमध्ये, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या तपशिलाच्या पानावर, वाचा. आगीच्या मूळ पॉलिसीत पूर आहे म्हणून एलओपीतही तो आपोआप येतो असं नाही.

एलओपी असेल तर पुढची अट म्हणजे मटेरियल डॅमेज. तुमच्या जागेतल्या तुमच्याच मालमत्तेचं विम्यातल्या कारणाने नुकसान झालेलं हवं, त्या मालमत्तेचा विमा त्या दिवशी चालू हवा, आणि त्या क्लेमचे पैसे दिलेले किंवा जबाबदारी मान्य केलेली हवी. फक्त डिडक्टिबलमध्ये (नुकसानीचा जो सुरुवातीचा भाग तुम्हीच सोसायचा असतो त्यात) बसल्यामुळे तिथे शून्य आलं असेल तर चालतं. एरवी यंत्रांचा क्लेम नाकारला गेला की नफ्याचाही गेला. म्हणून दोन्ही क्लेम एकाच सर्व्हेअरकडे, एकाच हिशोबाने चालवा. यंत्रांच्या क्लेममध्ये दुरुस्तीचे तीन आठवडे लिहायचे आणि नफ्याच्या क्लेममध्ये चार महिने मागायचे, तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

ही अट किती घट्ट आहे ते ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूरकडे दिसतं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. ज्यांच्या शेडमध्ये थेंबभर पाणी आलं नाही त्यांचाही कच्चा माल आणि कामगार अडकले. अशा कारखान्याला साध्या एलओपीतून काही मिळत नाही, कारण त्याच्या मालमत्तेला धक्का लागलेला नाही. त्यासाठी वेगळी वाढीव कलमं लागतात: जागेवर पोचण्यात अडथळा, पुरवठादाराच्या जागेचं नुकसान, ग्राहकाच्या जागेचं नुकसान, वीज-पाणी पुरवठ्यात खंड. प्रीमियम थोडा वाढतो, आणि नेमकी हीच कलमं नूतनीकरणाच्या वेळी खर्च वाचवायला काढली जातात.

आता हिशोब. पॉलिसीतला ग्रॉस प्रॉफिट आणि तुमच्या सीएने नफा-तोटा पत्रकात दाखवलेला ग्रॉस प्रॉफिट वेगळे आहेत, आणि अर्धे क्लेम इथेच कमी होतात. नफा-तोटा पत्रकात मजुरी, वीज, भट्टीचं इंधन वजा करून ग्रॉस प्रॉफिट काढतात. विम्यात उलाढालीतून फक्त तेच खर्च वजा होतात जे विक्री थांबली की आपोआप थांबतात आणि पॉलिसीत तसे नावानिशी लिहिलेले आहेत. बेकरीच्या बाबतीत मैदा, साखर, डालडा, यीस्ट, पॅकिंग, डिझेल. कायम कामगारांचा पगार, जागेचं भाडं, कर्जाचं व्याज, विजेचा स्थिर आकार हे बंद काळातही चालूच राहतात, म्हणून ते विम्याच्या ग्रॉस प्रॉफिटमध्ये मोडतात. नफा-तोटा पत्रकातला आकडा उचलून विमा घेतला की विमा रक्कम पहिल्याच दिवशी अपुरी ठरते. उलाढाल जीएसटी वगळून धरायची, हेही लक्षात असू द्या.

आकडे समजा असे आहेत. पुराआधीच्या बारा महिन्यांची उलाढाल २ कोटी ४० लाख. थांबणारे खर्च १ कोटी ५६ लाख. उरले ८४ लाख, म्हणजे ग्रॉस प्रॉफिटचा दर ३५ टक्के. पूर २२ जुलैला आला आणि विक्री मूळ पातळीवर ३० नोव्हेंबरला आली, म्हणजे १३२ दिवस. मागच्या वर्षी याच १३२ दिवसांत विक्री १ कोटी होती आणि धंदा वर्षाला १० टक्क्यांनी वाढत होता, म्हणून पूर नसता तर १ कोटी १० लाख झाली असती. प्रत्यक्षात ३८ लाख झाली. घट ७२ लाख. तिच्या ३५ टक्के म्हणजे २५ लाख २० हजार.

या ३८ लाखांतले समजा १८ लाख तुम्ही दुसऱ्या गावातली बंद बेकरी भाड्याने घेऊन मिळवले आणि त्यासाठी भाडं, जादा वाहतूक आणि रात्रपाळी मिळून ४ लाख वाढीव खर्च झाला. हा खर्चही क्लेममध्ये बसतो, पण त्याला मर्यादा आहे: त्या खर्चाने जेवढी विक्री वाचली तिचा ग्रॉस प्रॉफिट, इथे १८ लाखांचे ३५ टक्के म्हणजे ६ लाख ३० हजार. ४ लाख त्याच्या आत आहेत, पूर्ण धरले जातील. ८ लाख खर्च केला असता तर वरचे १ लाख ७० हजार तुमच्या खिशातून गेले असते. ग्राहक टिकावा म्हणून व्यापारी अनेकदा वाटेल तेवढा खर्च करतो. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही, विमा मात्र इथे थांबतो. पर्यायी जागा घेण्याआधी हा गुणाकार कागदावर करा आणि सर्व्हेअरला मेल टाकून ठेवा.

यातून वाचलेले स्थिर खर्च वजा होतात. मालकाने दोन महिन्यांचं भाडं सोडलं, रोजंदारीची माणसं बोलावली नाहीत, असे समजा २ लाख २० हजार वाचले. मग २५.२० अधिक ४ वजा २.२०, बरोबर २७ लाख.

इथपर्यंत सगळे खूश असतात. पुढे विमा रक्कम बघितली जाते. तुम्ही सहा महिन्यांचा इन्डेम्निटी पीरियड, म्हणजे जास्तीत जास्त जेवढ्या काळाची घट भरून मिळते तो कालावधी, घेतला आणि विमा रक्कम ठेवली ६० लाख. पीरियड बारा महिन्यांचा असो की सहाचा, विमा रक्कम मात्र पूर्ण वर्षाच्या ग्रॉस प्रॉफिटएवढी हवी. सहा महिन्यांसाठी अर्धी रक्कम पुरते हा समज सरसकट दिसतो आणि तो चुकीचा आहे. वाढ धरून वार्षिक उलाढाल २ कोटी ६४ लाख, तिचे ३५ टक्के ९२ लाख ४० हजार. तुमचे ६० लाख म्हणजे गरजेच्या ६५ टक्क्यांच्या आसपास, तर क्लेमही तेवढाच: २७ लाखांचे १७ लाख ५३ हजार झाले. शेवटी सुरुवातीच्या दिवसांची वजावट, जी बऱ्याच पॉलिसींत ७ दिवसांची असते. रोजची अपेक्षित विक्री ८३ हजार ३३३, सात दिवसांची ५ लाख ८३ हजार, तिचे ३५ टक्के २ लाख ४ हजार. हातात सुमारे साडेपंधरा लाख. वजावट आधी करायची की नंतर यावर पॉलिसीची भाषा बघावी लागते, रक्कम थोडी इकडेतिकडे होते.

गंमत अशी की १० टक्के वाढ तुम्ही स्वतःच मांडलीत, तिने क्लेम वाढला आणि त्याच वाढीने विमा रक्कम आणखी अपुरी ठरली. वाढ मागायची नाही असं नाही, पण दोन्ही बाजूंना तिचा परिणाम काय होतो ते आधी बघा. विमा रक्कम जास्त लावायला घाबरू नका. वर्षअखेर ऑडिटरच्या दाखल्यावर प्रत्यक्ष ग्रॉस प्रॉफिट कमी निघाला तर जादा प्रीमियमचा काही भाग परत मिळण्याचं कलम या पॉलिसींत असतं, साधारणतः ५० टक्क्यांच्या मर्यादेत.

खरी लढाई मात्र दराची नसते. ती एका ओळीची असते: पूर नसता तर विक्री किती झाली असती. नैसर्गिक आपत्तीत हा प्रश्न आगीपेक्षा कितीतरी अवघड होतो, कारण आग एकाच दुकानाला लागते आणि पूर अख्खं गाव बुडवतो. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी नदीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली तेव्हा हिशोबात दोन अडचणी एकदम होत्या. एक, मागच्या वर्षीचे तेच महिने कोविडच्या निर्बंधांतले, त्यामुळे तुलनेचा आधारच खाली गेलेला. अशा वेळी २०१९ चे तेच महिने, आणि पुराच्या अगदी आधीच्या आठवड्यांची प्रत्यक्ष विक्री, असे दोन आधार एकत्र मांडावे लागतात. नुकसान झालं नसतं तर जो निकाल आला असता त्याच्या शक्य तितकं जवळ जाण्यासाठी आकड्यांत फेरफार करायचा, असं कलम पॉलिसीतच असतं. ते दोन्ही बाजूंना लागू आहे, फक्त विमा कंपनीच्या सोयीचं नाही.

दुसरी अडचण जास्त चिवट. सर्व्हेअर म्हणतो, तुमची बेकरी कोरडी राहिली असती तरी बाजारात गिऱ्हाईक कुठे होतं? हाच मुद्दा इंग्लंडच्या न्यायालयात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरातल्या एका हॉटेलबाबत गाजला. २००५ च्या कतरिना वादळात हॉटेलही मोडलं आणि शहरही. २०१० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ठरवलं की हॉटेल शाबूत असतं तरी उद्ध्वस्त शहरात पाहुणे आले नसते, तेव्हा ते नुकसान विम्यातलं नव्हे. १५ जानेवारी २०२१ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या क्लेमवरील निकालात हे मत चुकीचं ठरवलं: ज्या एका संकटाने जागा आणि परिसर दोन्ही बुडवले, त्या परिसराचं नुकसान दाखवून क्लेम कमी करता येत नाही. हा निकाल भारतात बंधनकारक नाही. पण आपल्या एलओपीची भाषा इंग्लंडच्या जुन्या मसुद्यांवरूनच घेतलेली आहे, त्यामुळे लेखी उत्तरात तो मांडण्यासारखा आहे.

तरी फक्त निकालावर विसंबू नका, विक्रीचे पुरावे गावनिहाय वेगळे काढा. बेकरीची सगळी विक्री काउंटरवर होत नाही. टेम्पो गुहागरच्या वाटेवरच्या गावांत, मार्गताम्हाण्याला, वर घाटाच्या बाजूला रोज माल टाकतो. ती दुकानं पाण्यात नव्हती, त्यांना पाव-बटर-खारी रोज हवीच होती आणि ती दुसऱ्या कुणीतरी पोचवली. लाइनच्या, म्हणजे टेम्पोच्या या ठरलेल्या फेऱ्यांच्या, बिलबुकांवरून, किंवा टॅलीतल्या पार्टी लेजरवरून, पुराआधी प्रत्येक लाइनला महिन्याला किती माल जायचा ते काढा. ही विक्री ‘गाव बुडालं होतं’ या मुद्द्यातून पूर्ण सुटते. काउंटरची विक्री मात्र प्रामाणिकपणे कमी धरावी लागेल. त्यातही पहिल्या दोनतीन आठवड्यांत मदतीचे बिस्किटांचे पुडे घरोघर फुकट पोचत असतात, हे सर्व्हेअरला माहीत असतं.

कालावधीबद्दल दोन गोष्टी. शटर उघडलं की क्लेम संपला असं नाही. विक्रीवर परिणाम होत राहतो तोपर्यंत, इन्डेम्निटी पीरियडच्या मर्यादेत, घट मोजली जाते. लाइनवरची दुकानं परत मिळवायला दोन महिने गेले तर तेही त्यात येतात. उलट, टाळता आला असता असा उशीर वगळला जातो. ओव्हनच्या पॅनेलचं कोटेशन कधी मागितलं, ऑर्डर कधी दिली, माल कधी आला, महावितरणने मीटर कधी जोडला, याची तारीखवार वही ठेवा आणि प्रत्येक नोंदीमागे मेल किंवा चलन असू द्या. पैसे नव्हते म्हणून ऑर्डर उशिरा दिली हे कारण सहसा मान्य होत नाही. त्यावर उपाय म्हणजे ऑन-अकाउंट पेमेंट. यंत्रांच्या क्लेममध्ये जबाबदारी स्पष्ट झाली की सर्व्हेअरच्या अंतरिम अहवालावर काही रक्कम आगाऊ मागता येते. मागणी लेखी करा, कारण नंतर उशीर कुणामुळे झाला हा वाद आला तर तो कागद उपयोगी पडतो.

पहिल्या आठवड्यातली कामं क्लेमचा निम्मा निकाल लावतात. पाण्याची पातळी भिंतीवर दिसते तोवर टेप धरून फोटो घ्या. चिखल गेलेल्या मोटरला वीज देऊ नका. आधी गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) इन्सुलेशन तपासून मगच. घाईने चालू केलेली मोटर जळाली तर ते पुराचं नुकसान नाही, असं लिहिलं जाईल. भिजलेला मैदा दोन दिवसांत आंबतो, तो सर्व्हेअरची वाट बघत ठेवता येत नाही. पोत्यांची मोजणी आणि वजन, फोटो-व्हिडिओ, विमा कंपनीला मेल, आणि नगरपरिषदेकडे माल टाकल्याची पोच, एवढं करून टाका. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. तो जोडा, पण घाईत लिहिलेला त्यातला आकडा तुमच्या क्लेमपेक्षा फार कमी असेल तर प्रश्न येणार. नष्ट झालेल्या मालावरचं जीएसटीचं इनपुट क्रेडिट उलटवावं लागतं, ती रक्कम मालाच्या क्लेममध्ये पुराव्यासह मागा.

वह्या आणि कॉम्प्युटर पाण्यात गेले तरी उलाढाल सिद्ध करता येते. जीएसटी पोर्टलवरची विवरणपत्रं, ई-वे बिलं, बँक खात्याचा उतारा, सीएकडचा टॅलीचा बॅकअप, पीएफची चलनं, विजेचे मासिक युनिट, मोठ्या पुरवठादारांकडचे लेजर. विजेचे युनिट आणि मैद्याची खरेदी हे दोन आकडे विक्रीशी जुळले तर सर्व्हेअर फार खोदत नाही. ओल्या वह्या फेकू नका, वाळवून ठेवा. सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे कॅश क्रेडिटसाठी बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट. मर्यादा टिकवायला साठा फुगवून लिहायची सवय असते. सर्व्हेअर ते बँकेकडून मागवतो. तुमचा साठा आणि बँकेला दिलेला साठा जुळला नाही की उलाढालीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. बिनबिलाची विक्री क्लेममध्ये आणण्याचा विचारही करू नका. जी विवरणपत्रात नाही ती विम्यासाठीही नाही.

मुदती: फायर पॉलिसीच्या जुन्या मसुद्यात मालमत्तेच्या क्लेमचा तपशील नुकसानीपासून १५ दिवसांत द्यायचा असतो, आणि एलओपीचा तपशील इन्डेम्निटी पीरियड संपल्यापासून ३० दिवसांत. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते बघा आणि वेळ लागणार असेल तर मुदतीच्या आत लेखी मुदतवाढ मागा. एलओपीचं सूचनापत्र मात्र पहिल्याच दिवशी, पॉलिसी नंबर वेगळा टाकून द्या. यंत्रांच्या क्लेमची सूचना दिली म्हणजे याची झाली असं धरू नका.

रक्कम ठरल्यावर डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे रक्कम मान्य असल्याची सहीची पावती, येतं, ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहिलेलं. रक्कम मान्य नसेल तर सही करताना हरकत नोंदवून करा, किंवा त्याच दिवशी हरकतीचा मेल टाका, आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. व्हाउचरवर सही घेतली म्हणून पॉलिसीधारकाचा दाद मागण्याचा हक्क अडवू नये, असं परिपत्रक विमा नियामकाने २४ सप्टेंबर २०१५ ला काढलेलं आहे. पण महिनाभर गप्प राहून नंतर दबावाखाली सही केली म्हणणं टिकत नाही.

पुढची पायरी म्हणजे कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. तिथे एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग जाऊ शकतात, तेव्हा उद्यम नोंदणीचा दाखला जोडा. लोकपालाची मर्यादा ५० लाख, फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात तक्रार करावी लागते. ग्राहक आयोगात दोन वर्षं असतात, पण तिथे प्रकरण दाखल केलं की लोकपाल ते घेत नाही. शिवाय कंपनीने जबाबदारी पूर्ण नाकारली असेल तर जुन्या फायर पॉलिसींत बारा महिन्यांत दावा लावण्याचं कलम असतं. ते कितपत टिकतं यावर वाद घालण्यापेक्षा नकाराचं पत्र आल्याची तारीख लिहून ठेवा आणि त्या बारा महिन्यांच्या आत हालचाल करा. वरच्या उदाहरणासारखा वाद असेल, म्हणजे जबाबदारी मान्य आणि भांडण फक्त अपेक्षित विक्रीच्या आकड्याचं, तर आधी लोकपालाकडेच जावं. लाइननिहाय विक्रीचा तक्ता, तारीखवार वही आणि तुमचा हिशोब एकाच पानावर सर्व्हेअरच्या हिशोबाशेजारी मांडून न्या.